कात्री, डिंक, कागद (भाग ९) : कोरडा की रिकामा?

गेल्या आठवड्यात बीबी का मकबऱ्याचं पॉप-अप कार्ड कापून उभं केलं आणि रंगवायचं काम या आठवड्यावर ढकललं. रंगवायला बसले, तर चोवीसच्या संचातले अकरा मार्कर कागदावर नुसते खरखरत होते. चूक माझीच. मे महिन्यातल्या भर दुपारी क्रांती चौकातून घरी आले, पिशवी स्कूटीच्या डिकीत राहिली आणि दोन दिवस तिथेच भाजत पडली. "आत्या, फेकून देऊ?" भाचीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता केराची बादली पायाने पुढे ओढली.

फेकायचं नाही. आधी बघायचं, मार्कर कोरडा आहे की रिकामा. दुकानदारापासून आईबापांपर्यंत सगळे या दोन्हींना "संपला" म्हणतात, आणि तिथेच पैसे वाया जातात.

मार्करच्या पोटात समईसारखी एक जाड वात असते, फक्त ती कापसाची नसून कृत्रिम धाग्यांची असते. वातीत शाई भरलेली आणि टोक ती ओढून कागदावर आणणारं. या शाईत मुख्य गोष्टी दोन, रंग आणि त्याला पातळ ठेवणारं अल्कोहोल. पाणी १०० अंशांना उकळतं, इथेनॉल साधारण ७८ला आणि आयसोप्रोपिल ८२ला. उडून जाण्यासाठी उकळावंही लागत नाही. टोपण अर्धवट लागलेलं असलं आणि बाहेर संभाजीनगरचा उन्हाळा असला की पुरे. पण उडतं ते फक्त अल्कोहोल. रंग कुठेही जात नाही, तो वातीतच सुकून बसतो.

म्हणून ओळखायची खूण सोपी आहे. रेघ तुटक, खरखरीत, पण गडद आली, क्वचित टोपणावरच्या रंगापेक्षाही गडद, तर मार्कर कोरडा आहे. रेघ ओली, सरळ, पण फिकी आली तर रंगच संपलाय. अशा मार्करमध्ये अल्कोहोल घालणं म्हणजे ताकात आणखी पाणी ओतणं.

शाई म्हटलं की माझ्या पिढीला आधी उंट आठवतो. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची ती दौत. ती शाई पाण्यातली, म्हणून पेन सुकलं की निब कोमट पाण्यात बुडवायची सवय आपल्या हाताला आहे. शाळेच्या स्केचपेनलाही दोन थेंब पाणी चालतं. तोच उपाय अल्कोहोल मार्करवर केला तर मात्र फसतो. ज्याचं जे उडालं, तेच त्याला परत द्यायचं.

ते मिळतं कुठे? औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल मागितलं की बहुधा ७० टक्क्यांची बाटली हातात येते. म्हणजे उरलेलं सगळं जवळपास पाणीच. त्याने मार्कर ओला होतो, पण कागद फुगतो आणि रंग नीट मिसळत नाही. आपल्याला हवं ९९ टक्क्यांचं, आणि ते वापरतात मोबाइल दुरुस्त करणारे, बोर्ड धुवायला. पैठण गेटकडे चौकशी केली तर माणसाने न बघताच विचारलं, "आयपीए ना, ताई?" सॅनिटायझर नको, त्यात घट्टपणासाठी आणि हातांसाठी घातलेले पदार्थ वातीत अडकतात. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्यातलं ॲसिटोन मार्करचं प्लास्टिकच खातं.

आता कृती. डिकीत तापलेल्या मार्करचं टोपण रद्दी कागदावर धरून, हळू उघडा. उष्णतेने शाई कधीकधी टोपणात येऊन थांबलेली असते. दोन टोकं असतील तर चपटं टोक चिमट्याने सरळ ओढून काढा. ब्रशसारख्या टोकाला हात लावू नका, ते नाजूक असतं आणि वात बहुतेक वेळा दोन्हींना मिळून एकच असते. सुई काढलेल्या सिरिंजने दिसणाऱ्या वातीवर थेंब थेंब अल्कोहोल सोडा. अर्धा मिली पुष्कळ झालं. वात पितेय तोवर थांबत थांबत घाला; वर थेंब तरंगायला लागला की बस. टोक परत बसवा, टोपण दाबून लावा आणि मार्कर रात्रभर आडवा ठेवा. लगेच रेघ ओढून "होत नाही" म्हणू नका. टोकावरच साय धरली असेल तर ते बाटलीच्या झाकणात मिनिटभर बुडवून टिपकागदावर टेकवा.

हे सगळं स्वयंपाकघरात करू नका. आयसोप्रोपिलची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, आणि आपल्याकडे ऐन थंडीच्या दुपारीही तापमान त्याच्या वरच असतं. गॅस, उदबत्ती, देवघरातलं निरांजन, सगळ्यांपासून लांब. खिडकी उघडी, आणि सिरिंज मुलांच्या नव्हे, तुमच्या हातात.

मार्कर जिवंत झाले की रंगवतानाही खेळ ओलाव्याचाच असतो. हा रंग पारदर्शक आहे, पोस्टर कलरसारखा खालचं झाकत नाही. त्यामुळे फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. फिका रंग सगळीकडे लावा; तो ओला आहे तोवर सावलीच्या बाजूला गडद लावा; मग जिथे दोन्ही भेटतात तिथे पुन्हा फिक्या मार्करने छोटी छोटी वर्तुळं फिरवा. सांधा विरघळतो. फिका वाळू दिलात की पट्टे पडले म्हणून समजा, म्हणून पंखा थेट कागदावर नको. कूलरही नको, त्याच्या दमट हवेत कार्डशीट वाकते.

कोणता गडद कोणत्या फिक्यासोबत? कॉपिक या जपानी मार्करांवर (ते १९८७चे) अक्षर रंगाचं कुटुंब सांगतं आणि शेवटचा आकडा त्याची गडदी. एकाच कुटुंबातले दोन-तीन आकड्यांच्या अंतराचे मार्कर घेतले की जमतं. आपल्या स्वस्त संचांवरचे आकडे बहुतेक वेळा कशाचेच नसतात, त्यामुळे हव्या त्याच कागदावर प्रत्येक रंगाचा चौकोन काढून स्वतःची पट्टी करा. टोपणाच्या रंगावर विश्वास ठेवू नका.

मकबऱ्याचंच घ्या. लोक तो सरसकट पांढरा रंगवतात. प्रत्यक्षात संगमरवर आहे तो घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला. मधलं बरंचसं काम दगडावर चुन्याच्या गिलाव्याचं. जवळ उभं राहिलं की दोन पांढरे वेगळे दिसतात. म्हणून घुमटाला निळसर राखाडीची सावली दिली, तीही एकाच बाजूने, आणि गिलाव्याला पिवळट राखाडी. कमानींच्या आत तीच पिवळट छटा दोनदा. एवढ्यानेच कार्डाला खोली आली. बाह्यरेषा मात्र अल्कोहोलने न विरघळणाऱ्या पेनने काढा, नाहीतर काळं सगळीकडे पसरतं.

कागद कोणता? गुळगुळीत आयव्हरी शीट चांगली. खाली एक रद्दी कागद ठेवा, कारण शाई आरपार उतरते. हौसेने मी कागजीपुऱ्याच्या हातकागदावरही मार्कर चालवून पाहिला. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचं हे गाव, तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला आणल्यानंतर इथे कागद बनू लागला असं सांगतात. शाई अशी फुटली की कमानीची पणती झाली. जुन्या लेखनिकांना हे ठाऊक होतं. लिहायच्या कागदाला ते खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत, मगच बोरू टेकवत. न घोटलेला हातकागद कार्डाची बैठक म्हणून ठेवा, रंगवलेला तुकडा त्यावर चिकटवा. शोभा तिथेच जास्त दिसते.

अकरापैकी आठ मार्कर दुसऱ्या दिवशी सकाळी चालू झाले. एकाचं टोक झिजून केसाळ झालं होतं, दोन खरंच रिकामे निघाले. त्यातल्या एकाचं टोक उपटून झिजलेल्याला बसवलं, तोही चालला. दुसऱ्याचं भाचीने काढून बटणांच्या डबीत टाकलं, पुढच्या उन्हाळ्यासाठी. बादली परत मोरीत गेली.

पुढच्या भागात : या कार्डाला बसेल असा लखोटा.