अफझलगंजचा थांबा आणि माणशी हिशेब

परवा सायंकाळी अफझलगंजच्या थांब्यावर उभे राहून समोरची वाहने मोजण्याचा उद्योग आम्ही केला. मुसीच्या पुलावरून येणाऱ्या दुचाकींची गणती पाच मिनिटांतच सोडावी लागली. बसगाड्या मात्र बोटांवर मोजता आल्या. निमित्त घरचेच होते : धाकटीला कॉलेजसाठी स्कूटर हवी आहे.

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. जळल्यावर मात्र त्यापासून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. घरच्या मंडळींनी आम्हांला वेड्यात काढले. पण इंधनातील कार्बन जळताना हवेतला प्राणवायू घेतो, आणि वाढलेले वजन त्याचेच असते. पृथ्वीचे तापमान वाढवणारा हाच वायू. डिझेलचा आकडा सुमारे २.७ किलो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी स्कूटर किलोमीटरमागे ४६ ग्रॅम वायू सोडते. बस लिटरला पाचच किलोमीटर धावते असे धरले, तरी पन्नास उतारू असल्यास माणशी वाटा ११ ग्रॅमच. दहाच उतारू असतील तर तो ५४ होतो, आणि एकट्याची स्कूटर बरी ठरते! म्हणजे सारी मातब्बरी भरलेल्या बसची.

या शहराला बसची सवय जुनी. निजाम संस्थानच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या व १६६ नोकरांनिशी ही सेवा सुरू केली. गौळीगुड्याचे स्थानक विमानांसाठी आणलेल्या लोखंडी छपराखाली होते. ते जुलै २०१८ मध्ये कोसळले. मराठवाड्यात आजोळ असलेल्या कित्येकांची सुट्टी त्याच छपराखाली सुरू होत असे.

२०१९ साली शहरात विजेच्या बस आल्या, २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रोचा दुसरा मार्गही इमलीबनच्या बसस्थानकापर्यंत पोहोचला. विजेच्या बसमुळे उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीसमोरचा धूर कमी होईल, हे खरेच. पण वीज कोळशाची असेल तोवर वायू दूरच्या धुराड्यातून निघणारच. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महिलांना बसप्रवास विनामूल्य झाला. त्यावर नाके मुरडणारे आमचे स्नेही आहेत. बस भरते, एवढ्यापुरते तरी आम्ही त्या निर्णयाच्या बाजूचे.

हा सारा हिशेब धाकटीपुढे मांडला. तिने तो शांतपणे तपासला आणि म्हणाली, “बाबा, मागे मैत्रीण बसली तर तेवीसच होतात.”

स्कूटरचा निर्णय अद्याप झालेला नाही.