तहात माणसांचं कलम कुठे असतं?

वेळणेश्वराच्या देवळाजवळ आमचं घर. गोखल्यांसह कितीतरी कुळांचा हा देव, त्यामुळे कुळाचाराला आलेली मंडळी आमच्याकडे उतरतात. मागच्या महाशिवरात्रीला मध्य प्रदेशातल्या सागरहून एक कुटुंब आलं होतं. अभिषेक आटोपल्यावर त्यांच्या आजोबांनी पिशवीतून वंशावळ काढली. सगळ्यात वर ‘मूळ गाव वेळणेश्वर’, खालच्या साऱ्या पिढ्या सागरच्या. त्यांच्या नातीने मला विचारलं, "आजी, मग आम्ही इकडचे की तिकडचे?"

अठराव्या शतकात कोकणातला माणूस घाट चढून पुण्याला जाई आणि पेशव्यांच्या चाकरीत पार बुंदेलखंडापर्यंत पोचे. सागरचा कारभार नेवऱ्याच्या गोविंदपंत खेरांनी, म्हणजेच गोविंदपंत बुंदेल्यांनी, उभा केला. झाशीचे नेवाळकरही रत्नागिरीकडचेच. ही माणसं घरापासून लांब गेली, पण राज्य आपलंच होतं. जून 1817 मध्ये इंग्रजांशी झालेल्या पुण्याच्या तहात पेशव्यांना बुंदेलखंडावरचे हक्क सोडावे लागले. 1818 मध्ये सागरही इंग्रजांकडे गेलं. तिथली मराठी घरं होती तिथेच राहिली आणि रातोरात परमुलखातली झाली.

इंग्रजांशी युद्ध हरल्यावर जून 1818 मध्ये पेशवे दुसरे बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमला शरण आले. सालिना आठ लाखांचं पेन्शन घेऊन त्यांना कानपूरजवळच्या बिठूरला जावं लागलं. मागोमाग आश्रित, भिक्षुक, कारकून गेले. 1851 मध्ये बाजीराव वारले, पेन्शन थांबलं. 1857 च्या उठावात इंग्रजांनी बिठूरचा वाडा पाडला आणि तिथली घरं पुन्हा पांगली.

इकडे आमच्या तालुक्यातला अंजनवेलचा गोपाळगड मे 1818 मध्येच पडला होता. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांचं छोटं राज्य राहिलं, कोकण मुंबई इलाख्यात गेलं. पुण्याचा दरबार उठला तशी घाटावरची चाकरीही संपली. दापोलीला इंग्रजांची छावणी पडली, कोकणातली पोरं पलटणीत शिरली. पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या आणि घरटी एक चाकरमानी बंदरावरून मुंबईची वाट धरू लागला. ती वाट अजून वाहते आहे.

मी त्या मुलीला म्हटलं, "बाळा, तू सागरची. देव इथला, घर तिथलं, दोन्ही हक्काचं." पुण्याच्या तहात मुलूख, किल्ले आणि पैसा यांची कलमं होती. आज जगात कुठेही युद्ध थांबल्याची बातमी आली, की आधीपासून तिथे नांदणाऱ्या घरांसाठी तहात एखादं कलम आहे का, हे मी आधी बघते. ते नसेल, तर त्या तहाला मी पुरा मानत नाही.