नटवा नंतर, आधी पाय सांभाळा!

अलॉय व्हील्स, मागे स्पॉयलर, डिकीत धडधडणारा वूफर... गाडी ‘मॉडिफाय’ करायची म्हटलं की आपली धाव इथपर्यंतच! पण वळणावर गाडी झुलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, त्याचं काय? त्याचं उत्तर चाकाच्या मागे, चिखलात माखून बसलेलं असतं. त्याचं नाव सस्पेन्शन.

मी राहतो आंबिवलीत. पावसाळ्यानंतर शहाडच्या पुलावरून कल्याण गाठणं म्हणजे सस्पेन्शनची रोजची परीक्षा. रविवारी हीच गाडी मुरबाडमार्गे माळशेज घाटात! हॅचबॅक आठ वर्षांची, ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. मला हवी होती वळणाला चिकटून जाणारी गाडी. आईला मणक्याचा त्रास, तिला हवी होती न आदळणारी गाडी. आणि बाबा? ते मोहोन्याच्या एनआरसीत होते. 2009मध्ये कंपनी बंद पडली, तेव्हापासून आमच्या घरात ‘बदलू या’च्या आधी ‘दुरुस्त होईल का?’ हा प्रश्न येतो. गाडी एक, अपेक्षा तीन!

फंडा तसा सोपा आहे. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, स्प्रिंगची उसळी आवरतो. त्याच्या आतलं तेल बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. शॉकअप दमला, की चाक रस्त्यावर नाचायला लागतं. मग पकड जाते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणजे मामला नुसत्या आरामाचा नाही, जिवाचा आहे.

मित्रांचा सल्ला एकच, ‘लोअरिंग स्प्रिंग टाक, गाडी काय सही बसेल!’ दिसेल सही, पण आपल्याकडचे स्पीडब्रेकर? गाडीचं पोट घासणार. कडक स्प्रिंगवर आईची पाठ... विचारच नको! शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये स्पष्ट केलंय.

म्हणून मी स्प्रिंग मूळच्याच ठेवल्या आणि त्याच मापाचे गॅसचे शॉकअप बसवले. त्यातला नायट्रोजन तेलाला सहजासहजी फेस येऊ देत नाही. त्यामुळे सलग खड्ड्यांतही शॉकअप लवकर ढेपाळत नाही. (शॉकअपचं आपल्या सेंट्रल लाइनशी जुनं नातं आहे बरं का! 1961मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाची सुरुवात मुलुंडचीच.) बाबांनी मेकॅनिकला लोअर आर्मचे बुशही काढून दाखवायला लावले. रबर पार फाटलेलं! तेही बदलले, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंटही नवे घातले. बाकी धडधाकट वस्तूंना हात लावला नाही.

फरक? माळशेजच्या वळणांवर गाडीचं झुलणं कमी झालं, स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच ऐकते. छोटे खड्डे किंचित जास्त जाणवतात, हे खरं. पण आईचा निकाल ऐका, ‘खड्डा कळतो रे, पण आता एकदाच कळतो!’

तुम्हीही या वाटेला जाणार असाल, तर आधी टायरमधली हवा तपासा. कित्येकदा दुखणं तिथेच असतं. शॉकअपवर तेल ओघळलंय का, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय का, ते बघा. शॉकअप नेहमी जोडीनेच बदला. पुढचे दोन किंवा मागचे दोन. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायरही खाल्ले जातील. आणि स्ट्रटवरची दाबलेली स्प्रिंग घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. ती सुटली, तर हाड मोडायची ताकद तिच्यात असते.

वूफर काय, पुढच्या बोनसलाही येईल!