नगरची 'सगुणा' मद्रासला कशी पोचली?

कृपाबाई सत्यनाथन यांचा जन्म १८६२ चा, अहमदनगरचा. माहेर मराठी, आडनाव खिस्ती. ते धर्मांतराआधीचंच बरं का, मूळ घर ब्राह्मण! 'सगुणा' ही त्यांची कादंबरी मात्र इंग्रजीत, १८८७-८८ मध्ये मद्रासच्या मासिकातून क्रमशः आलेली.

गोष्ट जवळपास त्यांचीच. वडील ख्रिस्ती होतात, आई मनाविरुद्ध मागून जाते, जुने नातेवाईक तुटतात. मुलीला भावाच्या पुस्तकांचं वेड. पण मिशनच्या गोऱ्या बाईंपुढे ती शेवटी 'नेटिव्ह'च. घरी एक, शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या पोरींना ही ओढाताण ओळखीची वाटेल.

विलायतेला शिकायला जाणं तब्येतीमुळे राहिलं, म्हणून १८७८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेज. तेही आजारपणात सुटलं, मग लेखणी हाती आली. 'सगुणा' पुस्तकरूपात १८९५ ला निघाली. कृपाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या, वय ३२.