कॅप बसवण्याआधी चावा तपासा

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्या घरोघरी ऐकायला मिळते. पूर्वी दाढ दुखू लागली की ती काढून टाकायची, एवढाच इलाज कष्टकरी माणसाला ठाऊक होता. आज मारुंजी, हिंजवडी, वाकड भागात दातांचे दवाखाने जागोजागी आहेत. कंपनीत राबणारा माणूसही रूट कॅनाल करून दाढेवर कॅप बसवतो, पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज करून घेतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी घामाचा पैसा लागतो आणि कामाचे खाडेही होतात. म्हणून कॅपचा रंग आणि किंमत विचारताना आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे : वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसतील ना? या बसण्यालाच चावा म्हणतात.

तोंडातले जाते

जात्याच्या दोन तळ्या नीट बसल्या नाहीत तर दाणे अर्धवट भरडले जातात आणि एकाच बाजूचा दगड झिजतो. तोंडातही तसेच आहे. फरक एवढाच की जात्याची वरची तळी फिरते, तोंडात खालचा जबडा हलतो. तो नुसता वर-खाली होत नाही. भाकरी चावताना तो बाजूलाही सरकतो. त्यावेळी अनेकांचे सुळे भार घेतात आणि मागच्या दाढा किंचित अलग होतात. म्हणून नवी कॅप तोंड मिटल्यावर बरोबर वाटली तरी जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवूनही पाहावी लागते.

दाताचे मूळ हाडात रुतलेले असले तरी दोघांच्या मध्ये तंतूंची पातळ गादी असते. तिच्यामुळे दाताला फार बारीक स्पर्श कळतो. जेवणात केसाएवढी कणी आली तरी ती लगेच जाणवते. साहजिकच कॅप एवढीशी उंच राहिली तरी त्या एका दाढेवर जबड्याचा सारा जोर पडतो आणि दाढांवरचा हा जोर पन्नास किलोच्याही वर जाऊ शकतो. मग चावताना दाढ ठणकते, समोरचा दात दुखतो, कॅपचा टवका उडतो किंवा ती सुटून हातात येते.

दात गेला की शेजारी सरकतात

सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी खालची पहिली मोठी दाढ लवकर किडते आणि पुष्कळदा तीच आधी काढली जाते. ती जागा रिकामी ठेवली तर मागची दाढ हळूहळू पुढे कलते. वरची दाढ त्या खड्ड्यात खाली उतरते. पाच-सात वर्षांनी ब्रिज करायला गेलात तर जागा अरुंद झालेली असते आणि चावा बिघडलेला असतो. अशा वेळी आधी खाली आलेली दाढ सारखी करावी लागते, कधी कललेली दाढ सरळ करावी लागते. ते न करता ब्रिज बसवला तर जबडा सरकताना अडकतो.

ब्रिजमध्ये दोन शेजारी दात तिसऱ्याचा भार उचलतात. म्हणून त्या दोघांची मुळे आणि हिरड्या भक्कम हव्यात. १९२६ साली आंटे या दंतवैद्याने सांगितले की आधाराच्या दातांच्या मुळांचे क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावे. हा नियम आजही अंदाजासाठी वापरतात. हिरडी सुजलेली, दात हलणारा असेल तर आधी तो उपचार, मग ब्रिज.

निळा कागद

भोसरी-चाकणच्या टूलरूममधल्या बांधवांना हे लगेच कळेल. डायचे दोन भाग जुळतात का हे पाहायला एका भागाला निळा रंग लावून दोन्ही दाबतात आणि रंग उमटलेला उंचवटा घासतात. दातांचे डॉक्टरही दातांमध्ये रंगीत कागद ठेवून चावायला सांगतात. कागदाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. डाग गडद पडला तिथे उंचवटा असतो. मात्र सुई देऊन जबडा बधीर केलेला असताना आपल्याला नीट सांगता येत नाही. म्हणून घरी गेल्यावर पुन्हा चावून पाहा.

कॅपसाठी दात घासताना वरून साधारण दीड मिलिमीटर जागा करावी लागते, काही प्रकारच्या कॅपला दोन मिलिमीटरही. कॅप तयार होईपर्यंत तात्पुरती कॅप लावून घ्यावी. नाहीतर मधल्या काळात दात सरकतो आणि मापाने केलेली कॅप बसत नाही.

आपण काय विचारावे?

माप घेताना समोरच्या दातांचे आणि चाव्याचे माप घेतले का, हे विचारा. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर आधीच सांगा, कारण त्यावरून कॅपचा प्रकार ठरतो आणि रात्री घालायची प्लेट लागू शकते. कायमच्या सिमेंटने चिकटवण्याआधी तोंड मिटून आणि जबडा सरकवून पाहा. उंच वाटली तर संकोच न करता तसे सांगा. ‘चालेल’ म्हणून उठू नका. उंचवटा घासायला बहुधा काही मिनिटेच लागतात. दोन-चार दिवसांनीही टोचत असेल तर परत जा. पैसे मोजले आहेत, तो तुमचा हक्क आहे.

खर्च झेपत नसेल तर पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयासारख्या शिक्षणाच्या रुग्णालयात चौकशी करावी. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण प्रत्येक टप्पा तपासला जातो. सुट्टीचा दिवस त्यासाठी राखून ठेवा. आणि घरात कुणाची दाढ काढली असेल तर रिकामी जागा वर्षानुवर्षे तशीच ठेवू नका. पुढच्या भेटीतच तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.