मेल पाठवला, म्हणजे काम झालं?

उमरोळी स्टेशनच्या एका बाजूला बोईसर, दुसऱ्या बाजूला पालघर. बोईसरला उतरणारा तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल, औषध नाहीतर कापड कंपनीत शिरतो; पालघरला उतरणारा बहुतेकदा सरकारी कचेरीत, कारण १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचं ठिकाण आहे. दोघांचंही बोट गाडीतच मेलवर फिरायला लागतं. आणि दोघांनाही धास्ती असते ती इंग्रजीची: ‘डिअर सर’ की ‘रिस्पेक्टेड सर’, खाली ‘रिगार्ड्स’ की ‘थँक्स अँड रिगार्ड्स’. घोळ होतात ते मात्र भलतीकडेच.

“पीओ हातात पडेपर्यंत मेलवरच्या बोलण्याला अर्थ नाही,” हा खरेदी-विक्रीवाल्यांचा लाडका समज. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१० मध्येच मोडीत काढला आहे. ट्रायमेक्स इंटरनॅशनलने ऑक्टोबर २००७ मध्ये वेदांता अ‍ॅल्युमिनियमला ऑस्ट्रेलियातलं बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव मेलवर दिला, वेदांताने दुसऱ्याच दिवशी मेलवर होकार कळवला. पुढे बिनसल्यावर वेदांताचं म्हणणं पडलं की रीतसर करारावर सह्या झालेल्याच नाहीत. मुख्य अटी मेलवर ठरल्या असतील तर करार झाला, असा निकाल न्यायालयाने दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १० अ हेच सांगतं. म्हणजे दर, माल आणि तारीख ठरलेल्या मेलला दाटीवाटीत उभं राहून अंगठ्याने टाइप केलेलं ‘ओके, प्रोसीड’ हेही कंपनीला बांधू शकतं. शब्द अडकवायचा नसेल तर ‘दर अंदाजे आहे, मंजुरीनंतर कळवतो’ एवढी एक ओळ त्याच मेलमध्ये हवी.

याचाच जुळा भाऊ म्हणजे “मी तो मेल उघडलाच नाही.” त्याच कायद्याचं कलम १३ उघडण्याची वाट पाहत नाही. दोघांत वेगळं काही ठरलं नसेल, तर कंपनीने स्वतः नेमून दिलेल्या पत्त्यावर मेल शिरला की तो पोहोचला. लेटरहेडवर छापलेला आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाखेरीज कुणीच न पाहिलेला मेलबॉक्स हा त्या हिशेबाने कंपनीचा उघडा दरवाजाच आहे.

स्क्रीनशॉट काढून ठेवला की पुरावा झाला, असंही अनेकांना वाटतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो वाद झाला, त्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. तिथे प्रश्न व्हिडिओ चित्रीकरणाचा होता, पण नियम मेललाही तोच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा चित्र जपून मूळ मेल डिलीट करणं हा उलटा व्यवहार झाला.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज निराळाच: साहेबांचं नाव दिसतंय, म्हणजे मेल साहेबांचाच. दिसणारं नाव कुणीही काहीही टाकू शकतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्निमॉन्ट या इटालियन अभियांत्रिकी समूहाच्या मुंबईतल्या कंपनीला समूहप्रमुखांच्या पत्त्याशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरून मेल आले. चीनमधल्या एका कंपनीच्या गुप्त खरेदीची बतावणी झाली, कॉन्फरन्स कॉलवर खोटे अधिकारी आणि वकीलही बोलले. आठवडाभरात सुमारे १३० कोटी रुपये हाँगकाँगच्या बँकांत गेले.

तारापूरच्या लहान कारखानदाराकडे हाच प्रकार साध्या कपड्यांत येतो. परदेशातून कच्चा माल आणायचा, पैसे भरायची तारीख जवळ आलेली, आणि नेहमीच्या पुरवठादाराचा मेल: ‘ऑडिट चालू असल्याने आमचं बँक खातं बदललं आहे.’ नाव तेच, बिलाचा नमुना तोच. पत्त्यात मात्र इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसलेले. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही. इथे आडवा येतो तो आपल्याकडचा शिष्टाचार. साहेबांना किंवा जुन्या पार्टीला “हा मेल तुमचाच ना?” असं विचारणं अनेक अकाउंटंटना उद्धटपणा वाटतं. पण तोच प्रश्न विचारायचा असतो, आणि तोही मेलमधल्या नव्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. पैसे गेलेच, तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब १९३० या हेल्पलाइनला फोन.

चुकलेला मेल परत बोलावता येतो, यात निम्मंच तथ्य आहे. जीमेलमध्ये फार तर ३० सेकंद मिळतात. आउटलुकचं ‘रिकॉल’ आपल्याच संस्थेच्या आत चालतं, बाहेरच्या पार्टीकडे गेलेला दर गेलाच. ‘सीसीत सगळे असले की आपण सेफ’ हेही तसलंच. १४ नोव्हेंबर २०१६ ला ब्रिटनच्या आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८.४ लाख खात्यांवर गेला. ‘मला यातून काढा’ अशी उत्तरंही कित्येकांनी ‘रिप्लाय ऑल’नेच दिली आणि यंत्रणा तुंबली. दहा पुरवठादारांकडून कोटेशन मागवताना सगळ्यांना एकाच ‘टू’मध्ये कोंबलं, तर प्रतिस्पर्ध्यांची यादी आपणच वाटतो. त्यासाठी बीसीसी असतं.

मराठीत मेल केला तर चौकोन दिसतात, ही तक्रार जुन्या फॉन्टांच्या काळातली. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर आजच्या कुठल्याही फोनवर नीट दिसतो, देवनागरीतलं ‘.भारत’ डोमेनही २०१४ पासून मिळतं. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, त्यामुळे पालघरच्या कचेरीला मराठीत अर्ज मेल करताना ओशाळायचं कारण नाही. विषयाच्या जागी ‘अर्जंट’ लिहिण्यापेक्षा गट क्रमांक आणि गावाचं नाव लिहावं, कारकून दुवा देईल.

राहता राहिला रात्री दहाचा मेल. त्याला उत्तर न देण्याचा कायदेशीर हक्क आहे, असं काहींना वाटतं. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. उलट तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात सेकंड शिफ्टवाल्याची रात्री दहा ही कामाचीच वेळ. जनरल शिफ्टच्या माणसाला तेव्हा सुचलेलं लिहायचंच असेल, तर जीमेल आणि आउटलुक दोन्हींत मेल सकाळी नऊला आपोआप जाईल असा लावून ठेवता येतो. रिअ‍ॅक्टरचं तापमान चढत असेल, तर मात्र मेल लिहीत बसायचं नसतं; फोन लावायचा.