सभासदांच्या नावांची अक्षरे का मोडली?

आम्ही काही निवृत्त मंडळी आपल्या मंडळाची सभासद-यादी संगणकावर आणत होतो. जावा भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमने फाइल वाचली. इंग्रजी नावे नीट आली, पण मराठी नावांच्या जागी भलत्याच खुणा उमटल्या. फाइल ठीक होती. चूक वाचण्यात होती.

जावातील फाइलइनपुटस्ट्रीम अक्षरे नव्हे, बाइट वाचतो. त्याची ‘रीड’ ही आज्ञा दर वेळी ० ते २५५ मधला एक आकडा देते आणि फाइल संपली की उणे १. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर १ बाइटात मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट घेते. ‘कमल’ हे नाव ९ बाइटांचे. आम्ही प्रत्येक बाइटाला अक्षर समजलो; जणू एका नोटेचे तीन तुकडे तीन नोटा म्हणून मोजले!

उपाय सोपा आहे. फाइलइनपुटस्ट्रीमवर इनपुटस्ट्रीमरीडर बसवून त्याला यूटीएफ-८ स्पष्ट सांगावे. जावा ७ (२०११) पासून ‘ट्राय’च्या कंसात उघडलेली फाइल काम संपताच आपोआप बंद होते.

मोडकी यादी मूळ फाइलवर साठवली नाही, हे बरे झाले. नाहीतर दिवंगत सभासदांची नावे कोणाला विचारणार होतो?